सत्तेचाळीस नंबरची सावली

दिवे घाट चढून वर आलं की
डाव्या हाताच्या माळावर एकच हिवर आहे.
एक थर्मामीटर मी त्याच्या फांदीला बांधला होता,
एक उन्हात, काठीला.
वहीत लिहीत होते :
जमीन, सावलीत चौतीस. उन्हात चोपन्न.

बायडाबाई कोळेकर वाकून वही बघत म्हणाल्या,
"काचंला काय इचारतीस पोरी, मेंढराला इचार."
गुडघ्यांमुळं त्या आता कोकणात उतरत नाहीत,
बत्तीस मेंढरं घेऊन वर्षभर इथंच.

मग मी मेंढरांना विचारलं.
उन्हात ती चरत नव्हती.
एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी खुपसून
उभी होती,
जणू दुसरीच्या अंगाएवढीच सावली
प्रत्येकीच्या वाट्याला आलेली.
बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या.

हिवराखाली आली की आधी नुसती थांबतात.
मग एक बसते. मग सगळ्या.
बऱ्याच वेळानं जबडे हलू लागतात,
आडवे, सावकाश,
सकाळचं गवत दुसऱ्यांदा चाखत.
"आता लागंल अंगाला," बाई म्हणाल्या.
मी लिहिलं : रवंथ. एक दहा ते दोन चाळीस.

गवताचं गणित वेगळं.
बुंध्याशी काही म्हणजे काही उगवत नाही,
खुरांनी जमीन तव्यासारखी झालेली,
वर लेंड्या, वर हिवराच्या चावलेल्या शेंगा.
चार पावलं सरकलं की मारवेल,
पिवळा पडलेला, पण मुळाशी अजून ओला.
त्यापुढं नुसती कुसळी,
जी मेंढरं खात नाहीत,
लोकरीत घालून फिरवतात.

पण सावली एका जागी कुठं बसते?
सकाळी ती पश्चिमेला, गायरानात.
मेच्या मध्यात एके दुपारी
ती पुरती झाडाच्या पोटात शिरली,
माझी माझ्या चपलांखाली.
आणि रोज दीडनंतर पूर्वेला निघायची,
तारेच्या कुंपणाकडं,
ज्याच्या पलीकडं चुन्याच्या रेघा, रंगवलेले दगड,
प्लॉट नंबर सत्तेचाळीस.

तीन वाजता सावली तारेखालून पलीकडं गेली.
तिच्या मागं मेंढरं.

वॉचमन दिगांबर, किनवटकडचा,
काठी उगारून धावत आला.
आला, आणि थांबला.
मागं त्याची पत्र्याची केबिन
उन्हात तडतडत होती.
"मालक रविवारीच येतात," तो म्हणाला,
कुणाला ते कळलं नाही.
बाईंनी तारेवरून वाकून
एका मेंढीला काठीनं ढोसलं,
"सरक गं काळे, बसू दे त्याला."

मग महिनाभर तसंच.
तारेच्या काट्यांवर लोकरीचे पुंजके,
आत बत्तीस मेंढरं आणि एक माणूस
दर अर्ध्या तासाला थोडे थोडे पूर्वेला सरकणारे.
रविवारी नाही.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात थर्मामीटर सोडायला गेले.
कुंपणाला आता बारीक जाळी होती,
कोकरूसुद्धा जाणार नाही अशी.
आणि जाळीच्या आत, सत्तेचाळीस नंबरात,
गुडघाभर गवत,
काळपट हिरवं, अर्ध्या भाकरीच्या आकाराचं.
बाकीचा प्लॉट फिका.
चुन्याच्या रेघा कुठंच दिसेनात.
मी टेप लावून कडा मोजली.
तीन ते पाच. रविवार सोडून.

"प्लॉट साफ करायला सांगितलाय," दिगांबर म्हणाला,
"गिऱ्हाईक येणारंय."
विळ्यानं तो कापत होता,
आणि कापलेलं पेंढी पेंढीनं
जाळीवरून बाहेर फेकत होता,
न बघता, जणू कचरा.

बाई काही बोलल्या नाहीत.
पहिली पेंढी पडली तिथं काळी आली,
आणि भर उन्हात उभी राहून खाऊ लागली.
ऊन आता मऊ होतं.
हिवराची सावली शेजारीच होती, रिकामी.